नानांच्या नंबरावरच्या गाड्या

मी जो काही आहे तो आष्ट्याच्या नानांमुळे. आमच्या भागात हे वाक्य इतक्या लोकांना पाठ होतं, की खरंच उपकारात असलेल्या माणसाची पंचाईत व्हायची. सत्काराला म्हणायचं, वाढदिवसाला म्हणायचं, बदली हवी असली की हटकून म्हणायचं. मी मात्र ते पुराव्यानिशी म्हणू शकतो.

माझे वडील मूळचे कोरेगावकडचे, पण सगळी हयात त्यांनी आष्ट्याला नानांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून काढली. मला बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा घरात आनंदापेक्षा गोंधळ जास्त झाला. पास झालेल्या पोराचं पुढं काय करतात, हे आमच्या घराण्यात कोणाला माहीतच नव्हतं. वडिलांनी मला धुतलेला सदरा घालून नानांपुढं उभं केलं.

"काय शिकायचं म्हणतंय?" नानांनी विचारलं, तेही मला नाही, वडिलांना.

"इलेक्ट्रॉनिक म्हणतंय जी."

"म्हंजी रेडिओ?"

"व्हय," मी म्हणालो. तेवढंच धाडस झालं.

नानांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर चार ओळी खरडल्या. त्या चिठ्ठीवर मला सांगलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, वसतिगृहात कॉट मिळाली, आणि पदवी झाल्यावर अशाच दुसऱ्या चिठ्ठीवर नानांच्या सोसायटीच्या इमारतीत, स्टँडजवळ, दुकानाला गाळा मिळाला. आष्ट्यात बसून सांगलीतलं दार उघडणारा असा रिमोट मी पुढं आयुष्यात पाहिला नाही. मी विकलेले रिमोट तर रस्त्याच्या पलीकडे गेलं की गप्प होत.

नव्वदचं दशक सुरू झालं होतं. त्याआधी आमच्याकडं मोटारीच्या सुरक्षेची व्यवस्था चोख होती: पुढं लिंबू-मिरची आणि मागच्या सीटवर झोपलेला ड्रायव्हर. मग मुंबईहून अलार्मचे सेट येऊ लागले. खोक्यावर चिनी अक्षरं, आत एक डबा, एक भोंगा, वायरींचा गुंता आणि दोन रिमोट. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून ते बसवतात, असं मला वाटायचं. तो पुस्तकी समज होता. गाडी आली आहे हे गल्लीला कळावं म्हणून ते बसवत.

माझ्या पाटीवर 'मोटारीचे रिमोट, सेंट्रल लॉक, अलार्म : बसवणे, दुरुस्ती, हरवल्यास नवीन' असं होतं आणि खाली माझं नाव. पेंटरने नाव बारीक आणि 'बी.एस्सी.' मोठं काढलं. त्यामुळे मला शंकर म्हणून कोणीच ओळखलं नाही. "ए बीएस्सी, जरा बघ रं ह्ये," अशीच हाक.

हा धंदा बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला मी एकच उपमा वापरत आलो. रिमोट म्हणजे हाळी. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर आपण हाळी देतो तशी. डॅशबोर्डच्या खाली जो डबा बसवलेला असतो तो कान देऊन असतो. त्याला आपलं नाव ऐकू आलं की तो दारं उघडतो किंवा लावतो आणि टुईं टुईं करतो. नाव म्हणजे काय, तर रिमोटच्या पोटात आणि डब्याच्या पोटात आठ-आठ बारीक कळा असतात, काही वर, काही खाली. दोन्हीकडं त्या सारख्या बसवल्या की नाव जुळलं. त्याला आम्ही 'नंबर' म्हणायचो. रिमोट हरवला, तर मी डबा काढून त्याचा नंबर बघायचा आणि नवीन रिमोटला तोच द्यायचा. आणि दोन गाड्यांचा नंबर एकच असला तर? एकाच वाडीत दोन पाटील असल्यावर 'ओ पाटील' म्हटलं की जे होतं, तेच.

बिघाडाचं म्हणाल, तर बहुतेक वेळा रिमोट बिघडलेलाच नसायचा. सेल संपलेला असायचा. पण विट्याहून एवढ्यासाठी आलेल्या माणसाला 'सेल गेलाय' म्हटलं की तो खट्टू व्हायचा. मुंबईच्या वस्तूला मुंबईच्या तोलाचा आजार हवा. मग मी रिमोट उघडायचा, उजेडाकडं धरायचा, फुंकर मारायची, एकदा मान हलवायची आणि मग सेल बदलायचा. गिऱ्हाईक समाधानाने म्हणायचं, "बगा, ह्याला शिकल्याला मानूसच लागतो."

खरा हंगाम दसऱ्यानंतर. खंडेनवमीला आमच्याकडं यच्चयावत हत्यारांची पूजा होते. गाडी हे हत्यार, म्हणून गाडीची. किल्ली गाडीची, म्हणून किल्लीची. आणि किल्लीला रिमोट लटकलेला, म्हणून त्याचीही. त्याला पाण्याने धुवायचं, हळद-कुंकू वाहायचं, वर फूल आणि अक्षता. काही भाविक पंचामृतही सोडत. दसरा झाला की दुकानापुढं रांग. रिमोट उघडला की आतून हळद-कुंकवाचा लगदा निघायचा, कधी तांदळाचा दाणा. मी म्हणायचो, "दादा, पुढच्या वर्षी याला लांबूनच नमस्कार करा." उत्तर ठरलेलं: "आवं, देवाचं काम हाय, त्यात हयगय करून कसं चालंल?" बी.एस्सी.ला मला सगळं शिकवलं. ओलं कुंकू आणि सर्किट यांच्यातलं नातं तेवढं राहून गेलं.

दशक संपता संपता परदेशी गाड्या दिसू लागल्या. तोवर मी साताऱ्यात दुकान मांडलं होतं. सांगलीतून का उठलो ते पुढं येईलच. तर पाचगणीच्या एका शाळेत मुलाला सोडायला आलेल्या एका गृहस्थांची किल्ली स्ट्रॉबेरीच्या मळ्यात हरवली. त्यांनी खालून किल्लीवाला आणवून दुसरी घासून घेतली. त्या किल्लीने दार उघडलं, इंजिन सुरू झालं आणि लगेच बंद पडलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मग ढकलून झालं, नारळ फोडून झाला, आणि शेवटी मला बोलावलं.

मी सांगितलं, "साहेब, तुमच्या किल्लीच्या मुठीत एक कण असतो, त्यात नाव असतं. इंजिन ते नाव विचारतं. या घासलेल्या किल्लीला नावच नाही."

"मग सांगा ना त्याला नाव!"

"ते मला माहीत नाही. कंपनीला माहीत आहे."

"तुम्ही ग्रॅज्युएट ना?"

मी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडीबरोबर दुसरी किल्ली मिळाली असेल ना?"

"अर्थात. ती सेफ आहे."

"कुठं?"

"गाडीत. डॅशबोर्डच्या कप्प्यात. हरवू नये म्हणून."

दार सकाळपासून उघडं होतं. मी कप्पा उघडला, किल्ली काढली, गाडी सुरू करून दिली. गृहस्थ म्हणाले, "मग तुम्ही नेमकं केलं काय?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

पण सांगायची गोष्ट ती नाही. सांगायची गोष्ट नानांच्या नंबराची.

सांगलीत माझं दुकान नवं होतं तेव्हा नानांच्या पांढऱ्या गाडीला मीच अलार्म बसवला. नानांना त्याचं पोरासारखं कौतुक. बंगल्याच्या पायरीवर उभं राहून ते बटण दाबायचे, गाडी टुईं टुईं करायची, आणि जमलेली माणसं देवळात आरती झाल्यासारखी बघायची. त्या माणसांत दिनकर होता. आष्ट्याचाच, नानांच्या पतसंस्थेत वसुलीला. घासाघीस करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. कर्ज काढून त्यानेही जुनी पांढरी गाडी घेतली आणि माझ्याकडं आला.

"बीएस्सी, अलार्म बशीव. पर नानांच्या नंबरावर."

"अहो, मग तुमची गाडी नानांच्या रिमोटने उघडेल."

"त्येच तर पायजे गड्या! नानांनी बटन दाबलं की आपली गाडी बोलली पायजे."

"आणि तुमच्या रिमोटने नानांची उघडेल."

दिनकरने इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाला, "त्ये नानांना नगं सांगू."

मी नानांना सांगितलं. नाना एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "बशीव रं. पोरांची हौस हाय."

पुढच्या सभेला नानांनी बटण दाबलं आणि दोन गाड्या बोलल्या. झालं. निष्ठा मोजायचं यंत्र तालुक्याला सापडलं. संचालक आले, ठेकेदार आले, ज्यांच्या गाडीला नीट ब्रेकही नव्हते ते आले. सगळ्यांना नानांचा नंबर. मी समजावायचो, की बाबांनो, मग कुलूप लावून काय उपयोग? एकजण म्हणाला, "नानांच्या मानसात चोर कोन हाय?" यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण गाळा नानांच्या सोसायटीचा होता.

बंगल्यापुढं सभा सुटली की नाना पायरीवर येत, रिमोट असलेला हात उंच करत आणि बटण दाबत. समोरचं सगळं पटांगण टुईं टुईं करत दिवे मिचकावायचं. नाना त्याला सलामी म्हणत.

या सलामीचा हिशेब लग्नात चुकायचा. सांगलीतल्या एका लग्नाला ही सगळी मंडळी आली. पहिल्याने उतरून बटण दाबलं, त्याची गाडी बंद. दुसऱ्याने दाबलं, त्याची बंद आणि पहिल्याची उघडी. तिसऱ्याने दाबलं, की पहिल्याची पुन्हा बंद, दुसऱ्याची उघडी. जेवणं होईतो कोणाची गाडी कुलूपबंद आहे आणि कोणाची उघडी, हे ब्रह्मदेवाला ठाऊक नव्हतं. दिनकरची सासू उन्हाने दमून आपल्या जावयाच्या म्हणून एका पांढऱ्या गाडीत जाऊन मागं आडवी झाली. गाडी दुसऱ्याची होती. तासगाव सोडल्यावर मागून आवाज आला, "जावईबापू, जरा सावकाश हाना." चालवणाऱ्याचा ताबा सुटून गाडी उसात गेली. माणसं धड राहिली. सासूबाईंनी नंतर दिनकरला विचारलं म्हणे, "आसला कसला बाई तुमचा नंबर?" तरी नंबर कोणी बदलला नाही.

तो बदलला साखर कारखान्याच्या निवडणुकीत. नानांचे सख्खे पुतणे अण्णा यांनी वेगळं पॅनेल उभं केलं. वरवर सगळे नानांचेच होते. फक्त माझ्या दुकानात एकेकटं गिऱ्हाईक येऊ लागलं, तेही मागच्या बोळाने.

"बीएस्सी, रिमोट पान्यात पडला. नंबर बदलून टाक."

"पाण्यात पडला तर वाळवून देतो. नंबर कशाला बदलायचा?"

"बदल म्हनलं ना. आन् आवाज तसाच ठेव."

एकाने कारण दिलं की ज्योतिषाने सांगितलंय. एक म्हणाला, बायकोला हा नंबर लाभत नाही. एक महाभाग तर अस्सल निघाला. त्याला दोन्ही पाहिजे होते. "नानांनी दाबलं तरी बोलली पायजे, अण्णांनी दाबलं तरी बोलली पायजे. जमंल का?" जमण्यासारखं होतं. एका गाडीत दोन डबे बसवले. माझ्या सबंध कारकिर्दीतलं ते तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सरस काम.

दिनकरही आला. तो कारण सांगेना. कळा बदलून होईपर्यंत स्टुलावर नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "अण्णांनी माझ्या धाकट्या भावाला कारखान्यात घ्यायचा शब्द दिलाय. पर शंकर, माझी मंडळी नानांच्या शाळंत हाय. हंगामी. कायमची ऑर्डर नानांच्या सहीनं निघायची हाय. ह्ये भाईर गेलं, तर तिची नोकरी गेली म्हनून समज."

त्याने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. मी म्हणालो, "या दुकानातून काही बाहेर जात नाही."

त्यानंतर लगेचच नानांनी बंगल्यावर सगळ्यांना जेवायला बोलावलं. नानांच्या जीपच्या भोंग्याची वायर तुटली होती म्हणून मीही तिथं होतो, जीपखाली निम्मा. पंगती उठल्या. नाना पायरीवर आले, हात उंच केला, बटण दाबलं.

नानांची स्वतःची गाडी बोलली. कोपऱ्यात आणखी दोन-तीन बोलल्या. बाकी पटांगण गप्प.

नानांनी पुन्हा दाबलं. नंतर पुन्हा. कोणी सुपारी कातरायला घेतली, कोणी चपलेचा अंगठा बघू लागलं. तेवढ्यात दिनकरच म्हणाला, "नाना, सेल गेला आसंल."

"व्हय, व्हय, सेलच गेलाय," सगळे एका सुरात म्हणाले. इतकं एकमत त्या निवडणुकीत पुन्हा झालं नाही.

बोललेल्या गाड्यांत त्या महाभागाची होती, दोन डब्यांची. नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो बगा मानूस." त्याने वाकून पाया पडून घेतलं. मी जीपखाली तोंडात बोळा कोंबल्यासारखा पडून होतो.

माणसं गेल्यावर नानांनी मला आत बोलावलं. रिमोट टेबलावर ठेवला. "बग, सेल गेलाय का."

मी उघडला. मीटर लावला. विट्याच्या गिऱ्हाइकापुढं मारायचो तशी फुंकरही मारली. सेल उत्तम होता. "बघावा लागेल नाना, दुकानात नेऊन," मी म्हणालो.

"शंकर, मला शिकवायला जाऊ नगं. नंबर तुझ्याबिगर कोन बदलनार? कुनी कुनी बदलला, नावं सांग."

मी मीटरच्या वायरी गुंडाळू लागलो.

"तुला शिकिवलं कुनी?"

"तुमी, नाना."

"गाळा कुनी दिला?"

"तुमी."

"मग?"

नाना ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते थकल्यासारखे बसले होते. ज्यांना नोकऱ्या दिल्या, ज्यांची लग्नं लावली, त्यांतलं कोण आपलं राहिलं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि ते सांगू शकणारा अख्ख्या तालुक्यात मी एकटा होतो. उत्तर दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी दिनकरच्या बायकोला शाळेच्या फाटकातून परत पाठवलं असतं, तिच्यासारख्या आणखी किती जणांना, देव जाणे. दिनकर माझा कोणी नव्हता. सेलच्या पैशांतही तो सूट मागायचा. पण लोक आपल्या दाराचं नाव माझ्या हातात देऊन जात होते. ते एकदा विकलं, की मग पाटीवरचं बी.एस्सी. कितीही मोठं असून काय?

"दोन दिवस द्या नाना," एवढं म्हणून मी रिमोट खिशात टाकून उठलो. नानांच्या तोंडावर नाही म्हणणं आमच्या घराण्यात कोणाला जमलेलं नव्हतं, म्हणून मी पत्र लिहिलं.

पुढचं थोडक्यात. निवडणुकीत अण्णा निवडून आले आणि वर्षाच्या आत काका-पुतणे एका व्यासपीठावर हार घालून घेताना दिसले. दोन डब्यांचा महाभाग दोघांच्या मधोमध उभा होता. दिनकरच्या बायकोची ऑर्डर निघाली. ती त्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. माझे वडील मात्र माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. "ज्याचं खाल्लं त्याला न्हाई म्हनलास," एवढंच म्हणाले. मी साताऱ्याला आलो, पोवई नाक्याजवळ टपरीएवढ्या जागेत पुन्हा पाटी लावली आणि या वेळी पेंटरला नाव मोठं काढायला सांगितलं.

नानांचं उत्तर आलं नाही. पण पुढच्या दसऱ्यानंतर त्यांचा ड्रायव्हर आष्ट्याहून साताऱ्याला, एवढ्या लांब, रिमोट घेऊन आला. सांगलीत तोवर दुसरी दोन दुकानं झाली होती. रिमोट कुंकवाने गच्च भरला होता. मी विचारलं, "नाना काही म्हणाले?" ड्रायव्हर म्हणाला, "न्हाई. शंकरकडंच न्ये, एवढंच." नाना होते तोवर दर दसऱ्यानंतर तो रिमोट येत राहिला. साफ करताना मी त्याचा नंबर बघायचो. मी दिलेलाच होता.

पत्राची नक्कल मी ठेवली नव्हती, पण ते लिहायला मला इतका वेळ लागला की शब्द विसरणं शक्य नाही. ते असं होतं:

तीर्थरूप नानांस,
शंकरचा साष्टांग नमस्कार.

आपण मला शिकवलंत, राहायला जागा दिलीत, पोटाला धंदा दिलात. हे मी कोणत्याही सभेत, कोणीही न विचारता सांगेन. याची फेड माझ्याकडून होणार नाही.

आपण विचारलेली नावं मी सांगू शकत नाही. ज्यांनी नंबर बदलला त्यांची नाही आणि ज्यांनी बदलला नाही त्यांचीही नाही. उद्या कोणी मला आपल्या गाडीचा नंबर विचारला, तर त्यालाही मी हेच उत्तर देईन. मला आपल्याच चिठ्ठीवर शिकायला मिळालं. त्या शिक्षणातून मी एवढंच शिकलो असेन तर आपण रागावू नये.

गाळ्याची किल्ली सोबत पाठवत आहे. तिची दुसरी किल्ली मी केलेली नाही.

आपला रिमोटही पाठवत आहे. आपण नसताना बंगल्यावर येऊन आपल्या गाडीतल्या डब्याचा आणि या रिमोटचा नंबर मी बदलला आहे. हा नंबर दुसऱ्या कोणाचाही नाही. यापुढे आपण बटण दाबाल तेव्हा फक्त आपलीच गाडी बोलेल. तिच्यावर आपण विश्वास ठेवावा.

सेल मी तपासला. चांगला आहे.

आपला आज्ञाधारक,
शंकर